यमकावरून सापडणारी जनुकं

पैनगंगेच्या काठचा चिमूटभर गाळ घेतला, तर त्यात कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांतल्या प्रत्येकाचा जीनोम म्हणजे ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांची, बहुधा काही लाख ते काही दशलक्ष अक्षरांची सलग ओळ. काही जीवाणूंच्या या ओळीत एक विलक्षण यंत्रणा दडलेली असते. ती बाहेरून आलेलं सुटं जनुक पकडते, आपल्या रांगेत बसवते आणि लगेच कामाला लावते. ऑस्ट्रेलियातले एच. डब्ल्यू. स्टोक्स आणि रूथ हॉल यांनी १९८९ मध्ये तिला ‘इंटिग्रॉन’ हे नाव दिलं.

तिचा कारभार पाहून थक्क व्हायला होतं. पकडण्याचं काम इंटिग्रेज नावाचं प्रथिन करतं. नवं जनुक रांगेच्या अगदी सुरुवातीला बसतं आणि जनुकं चालू करणारा प्रवर्तकही तिथेच असतो. त्यामुळे ताजं जनुक सर्वांत जोरात चालतं, मागची हळूहळू मंदावतात; जणू गप्प राहून राखीव साठ्यात थांबतात. याहून नवलाची गोष्ट २००९ मध्ये समोर आली. जीवाणूच्या डीएनएला इजा झाली की तो संकटाचा इशारा देतो आणि त्याच इशाऱ्याने इंटिग्रेज जागं होतं. काही प्रतिजैविकंही त्याला हा इशारा द्यायला लावतात. म्हणजे जीवाणूला मारायला निघालेलं औषधच त्याला जनुकांची फेरमांडणी करायला उठवतं!

आता ही यंत्रणा संगणकाने शोधायची कशी? इंटिग्रेज सापडणं त्यामानाने सोपं, कारण त्याची घडण ओळखीची आहे. खरी अडचण आहे ती जनुकाच्या टोकाला असलेल्या ‘एटीटीसी’ या खुणेची. ही खूण जेमतेम साठ ते दीडशे अक्षरांची, आणि जवळजवळ प्रत्येक जनुकापाशी तिची अक्षरं निराळी. नेहमीच्या पद्धतीने अक्षरं जुळवत बसलं तर ती निसटून जाते. मग इंटिग्रेज तिला ओळखतं कशावरून? आकारावरून. तिथला डीएनएचा एक धागा सुटा होऊन स्वतःवरच दुमडतो, समोरासमोरची अक्षरं जोड्या लावतात आणि केसाच्या आकड्यासारखी घडी तयार होते. घडी जमली की पुरे.

जात्यावरची ओवी कानावर पडते तेव्हा शब्द नवे असले तरी ती ओवीच आहे हे कळतं, कारण यमक कुठे जुळायचं त्या जागा ठरलेल्या असतात. संगणकालाही हेच शिकवलं गेलं. या जागी जी असेल तर पलीकडच्या ठरलेल्या जागी सी आहे का? इथे ए असेल तर तिथे टी? एक अक्षर बदललं तर त्याचा जोडीदारही बदलतो आणि यमक टिकून राहतं. या सहबदलाचं गणित वापरून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले जाँ क्युरी, एदुआर्दो रोशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘इंटिग्रॉनफाइंडर’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट दिसली. इंटिग्रेज नसलेल्या, नुसत्या खुणांच्या रांगाही भरपूर निघाल्या, आणि अशा कित्येक जीनोममध्ये पूर्ण इंटिग्रॉन मुळी नव्हतंच. इतका मोठा साठा तिथे आला कुठून, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

इंटिग्रॉन जी जनुकं पकडतं त्यांत प्रतिजैविकांना दाद न देणारी, म्हणजे प्रतिरोधक, जनुकंही असतात; आणि हे आपल्यापासून दूरचं नाही. पुण्यात मुठा नदीच्या गाळातल्या एकूण डीएनएचा अभ्यास नचिकेत मराठे, योकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. शहरालगतच्या गाळात प्रतिरोधक जनुकांचं प्रमाण वरच्या भागापेक्षा तीसपटीपर्यंत जास्त होतं आणि त्यांत शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या औषधांना दाद न देणारी जनुकंही होती. त्याच वर्षी या संशोधकांच्या गटाने भारतातल्या प्रदूषित नदीच्या गाळातली इंटिग्रॉनची जनुकं वाचली आणि सल्फा औषधांना निकामी करणारं एक नवं जनुक शोधून काढलं. तोवर अशी तीनच फिरती जनुकं माहीत होती. हे चौथं, म्हणून त्याचं नाव ‘सल-४’. इतर ठिकाणचा साठवलेला डेटा चाळल्यावर तेच जनुक आशिया आणि युरोपातल्या अनेक देशांत आढळलं.

इंटिग्रॉनफाइंडर विनामूल्य आहे आणि हजारो जीवाणूंचे जीनोम इंटरनेटवर सर्वांना खुले आहेत. वाशिम, रिसोड, कारंज्याच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्यांनी सुरुवात कॉलऱ्याच्या जीवाणूपासून करावी. त्याच्या दोन गुणसूत्रांपैकी धाकट्यावर सुमारे सव्वा लाख अक्षरांचं एकच अवाढव्य इंटिग्रॉन आहे आणि त्यात दीडशेहून अधिक पकडलेली जनुकं रांगेने बसली आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं काम अजून कुणालाच ठाऊक नाही. ते शोधायला तुमची गरज आहे.