चलाखी की चिटिंग? फुटबॉलमध्ये रेफ्री कसं ठरवतो

कात्रज : टर्फवरच्या मॅचमध्ये गोलपेक्षा जास्त भांडणं होतात ती ‘ही चिटिंग आहे’ यावरून. खरं तर समोरच्याला फसवणं हाच खेळ. कबड्डीत हुलकावणी देणाऱ्याला आपण टाळ्याच वाजवतो की! मग नियम आडवा येतो कुठे?

३ मार्च २०२३ ची आयएसएलची मॅच आठवा. बेंगळुरू विरुद्ध केरला ब्लास्टर्स, बाद फेरी. जादा वेळेत फ्री किक मिळाली. केरळचा गोलकीपर भिंत लावत असतानाच सुनील छेत्रीने बॉल जाळ्यात टाकला. रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला आणि केरळची टीम मैदान सोडून निघून गेली. फेडरेशनने केरळची तक्रार फेटाळली. वर क्लबला ४ कोटींचा दंड, कोच इव्हान वुकोमानोविच यांना १० मॅचची बंदी.

नियम असा आहे, की फ्री किक शिट्टीची वाट न पाहता मारता येते. पण मारणाऱ्याने ‘भिंत मागे घ्या’ म्हटलं आणि रेफ्री अंतर मोजायला गेला, की शिट्टीशिवाय मारायची नाही. म्हणजे छेत्रीने चलाखी केली का, हा प्रश्नच नव्हता. रेफ्रीने थांबवलं होतं का, एवढाच मुद्दा.

आता आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट. समोरच्याच्या मागे जाऊन ‘सोड, माझा!’ असं ओरडायचं आणि बॉल घ्यायचा. याला पिवळं कार्ड आहे. रेफ्रीने खेळ थांबवला तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक.

कॉर्नरचा डाव वेगळा. बॉलला हळूच पाय लावून निघून जायचं आणि दुसऱ्याने तो पळवायचा. बॉल स्पष्ट हलला असेल तर हे कायदेशीर आहे. जानेवारी २००९ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या रूनी-गिग्जने चेल्सीविरुद्ध हेच केलं, रोनाल्डोने हेडर मारला, पण लाइन्समनने गोल नाकारला.

सगळ्यात जास्त घोळ बदली खेळाडूचा. खेळ थांबलेला हवा, बाहेर जाणारा लाइनच्या बाहेर हवा आणि रेफ्रीचा इशारा हवा. मगच नवा माणूस मधल्या रेषेवरून आत. बारा जण असताना त्याच टीमने गोल केला आणि खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत रेफ्रीच्या लक्षात आलं, तर गोल रद्द. सेंटर झाल्यावर लक्षात आलं, तर गोल कायम राहतो! त्यामुळे कॅप्टनने डोकी मोजायची ती सेंटरच्या आधी.