धुराड्याआधीची शुद्धी

आपल्या समाजातील कितीतरी बांधव कारखान्यांत काम करतात आणि बहुतेक कारखान्यांच्या सावलीतच राहतात. कारखान्याचे उंच धुराडे आपण रोज पाहतो. पण हे धुराडे वायू शुद्ध करीत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. उंच धुराड्यामुळे घाण दूरवर पसरते व विरळ होते, इतकेच. खरी शुद्धी धुराड्याच्या आधी व्हावी लागते.

धुरात दोन प्रकारची घाण असते : धूलिकण आणि विषारी वायू. जाड धूळ पकडण्यासाठी 'सायक्लोन' असतो. त्यात हवा गरगर फिरते आणि जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात. बारीक धुळीसाठी कापडी पिशव्यांची गाळणी, म्हणजे 'बॅग फिल्टर' वापरतात. औष्णिक वीज केंद्रात 'इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर' असतो. हजारो व्होल्टच्या दाबाने राखेच्या कणांवर विद्युतभार चढतो व ते धातूच्या पत्र्यांना चिकटतात. हे यंत्र नीट चालले तर ९९ टक्क्यांहून अधिक राख पकडते. मात्र वायू त्यातून निसटतात. त्यांच्यासाठी 'स्क्रबर' लागतो. त्यात वायूवर पाण्याचा किंवा रसायनाच्या द्रावणाचा मारा करतात. उदाहरणार्थ, सल्फर डायऑक्साइड चुन्याच्या पाण्यात शोषला जातो व त्यापासून पुढे जिप्सम मिळते.

यंत्र असले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. याचा सर्वांत भयंकर धडा भोपाळने दिला. तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट साठवले जाई. हे द्रव सुमारे ३९ अंश सेल्सियसला उकळते, म्हणून ते थंड ठेवणे आवश्यक होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री एका टाकीत पाणी शिरले, उष्णता वाढत गेली आणि सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला.

तेथे बचावाची साधने नव्हती का? होती. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती. ती काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर होता. तो चालू स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणारा मनोरा होता. दुरुस्तीसाठी त्याचा नळ काढलेला होता. पाण्याचे फवारे होते. ते वायू निघत होता त्या उंचीपर्यंत पोचलेच नाहीत. हजारो माणसे मेली. त्यांत कारखान्याशेजारच्या झोपडपट्टीतील गरीब माणसे फार होती.

या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्याने कामगारांना व शेजारच्या वस्तीला धोक्याची माहिती द्यावी, असे बंधन आले. समोर दिसणारा धोका वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. हा हक्क आयता मिळालेला नाही. त्यामागे भोपाळच्या मृतांची किंमत आहे.

तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला : कारण नाहीसे केले की दुःख नाहीसे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचे आयुष्य हा त्यांच्या दृष्टीने कायद्याचा विषय होता, मालकाच्या मर्जीचा नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, रसायनशास्त्र आणि यंत्रशास्त्र मन लावून शिका. कामगार बांधवांनो, आपल्या कारखान्यात कोणता वायू आहे, त्याचा स्क्रबर कोठे आहे आणि तो रात्रपाळीतही चालू असतो का, हे विचारा. वस्तीत उग्र वास आला, डोळे चुरचुरले, तर दिवस व वेळ लिहून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सर्वांनी मिळून लेखी तक्रार करा. एकट्याचा खोकला कोणी ऐकत नाही. पन्नास सह्यांचा अर्ज नोंदवून घ्यावा लागतो.

जय भीम! नमो बुद्धाय!