‘सोंगाड्या’तील आई आणि वयात आलेला मुलगा

मराठी साहित्यात व चित्रपटात मातेचे स्थान वंदनीय मानले गेले आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या कृतीवरून आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि मातृप्रतिमेचा एक आदर्श रसिकांच्या मनात स्थिर झाला. राजा ठाकूर दिग्दर्शित ‘एकटी’ (१९६८) या चित्रपटात मुलगा वयाने वाढला; तथापि रस करुणच राहिला. १९७१ साली प्रदर्शित झालेल्या ‘सोंगाड्या’ने हेच नाते हास्यरसाच्या कक्षेत आणले. वंदनीय मानलेल्या नात्यावर प्रेक्षक मनसोक्त हसले, आणि तरीही त्या नात्याचा उपमर्द झाला असे त्यांना वाटले नाही. हे कसे घडले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

चित्रपटाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येते. गिरणगावातील कामगार कुटुंबात वाढलेले दादा कोंडके (१९३२–१९९८) यांची जडणघडण सेवादलाच्या कलापथकात व लोकनाट्यात झाली. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्याने त्यांना कीर्ती मिळवून दिली, तर भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) मधून ते पडद्यावर आले. ‘सोंगाड्या’ची निर्मिती त्यांनी स्वतः केली. लेखन सबनीस यांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे व संगीत राम कदम यांचे होते. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहातील प्रदर्शनावरून झालेला वाद सर्वश्रुत आहे. त्याचा येथे विस्तार करण्याचे कारण नाही.

कथेचा गाभा साधा आहे. नाम्या हा भोळा, वयात आलेला; परंतु बुद्धीने व वागण्याने मूलपणातच राहिलेला तरुण. त्याची आई शिताबाई (रत्नमाला) करारी, कडक व घराची सर्वाधिकारी. नाम्या तमाशा पाहण्यास जातो व कलावती (उषा चव्हाण) या नर्तकीवर लुब्ध होतो. आईस हे कळताच ती त्याला घराबाहेर काढते. तो कलावतीच्या आश्रयास जातो. म्हणजे संघर्षाची दोन टोके दोन स्त्रिया आहेत, आणि नायक या दोहोंमध्ये हेलकावे खाणारे मूल आहे.

पाश्चात्त्य सुखात्मिकेशी तुलना केल्यास या रचनेचे वेगळेपण ध्यानात येते. प्लॉटस व टेरेन्स या रोमन नाटककारांच्या सुखात्मिकांत तरुणाच्या प्रेमास आडवा येणारा सामान्यतः त्याचा पिता असतो. कुलाची मालमत्ता व प्रतिष्ठा यांचा तो रक्षक. ‘सोंगाड्या’त ही जागा मातेने घेतली आहे. शासन करणारी तीच व माया करणारीही तीच. पित्याशी झालेला कलह मुलाने घर सोडल्याने तुटतो; मातेशी झालेला कलह तसा तुटत नाही, कारण ज्या पदराआड लपायचे तोच पदर दार लावून घेतो. या पेचातूनच येथील विनोद जन्मास येतो.

हा पेच निव्वळ कल्पित आहे काय? कृष्णा-येरळेच्या मुलखाकडे पाहिल्यास तसे म्हणवत नाही. कडेगाव हे आज सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्वी ते खानापूर तालुक्यात मोडत असे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग दक्षिण साताऱ्यात गेला, व १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. पर्जन्यछायेतील या दुष्काळी पट्ट्यातून पुरुष पोटासाठी बाहेर पडत आले. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, तर खानापूर-विटे परिसरातील अनेकांनी सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करीत भारतभर दुकाने थाटली. मागे राहिलेल्या घराचा कारभार, शेताचा बांध, सावकाराचा तगादा आणि मुलांची शिस्त हे सारे बाईच्या शिरावर येई. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. बालपणीच पितृछत्र हरपल्यावर आई विठाई यांनी कष्टाने त्यांना वाढविले, हे त्यांच्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रातून वाचकांस परिचित आहे. एकहाती घर चालविणारी, आई व बाप या दोन्ही भूमिका निभावणारी स्त्री या मुलखास नवी नव्हती. शिताबाईच्या दरडावणीस प्रेक्षक हसले, ते तिला ओळखत होते म्हणून.

या मुलखाची दुसरी ओळख तमाशाची. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांचे रेठरे हरणाक्ष हे गाव वाळवे तालुक्यात, कडेगावापासून फार दूर नाही. येथे तमाशा हा एकाच वेळी आवडीचा व निषिद्ध असा विषय होता: जत्रेत सारा गाव फडापुढे बसे, पण घरचा मुलगा फडाच्या नादी लागणे ही नाचक्की ठरे. शिताबाईचा राग या दुटप्पी नीतीच्या वतीने बोलतो. ज्या कलेवर चित्रपट उभा आहे तिलाच चित्रपटातील आई घराबाहेर ठेवते. ‘सोंगाड्या’ हे नावही तमाशाच्या फडातील विनोदी नटाचे आहे. तेव्हा कलावंताला समाजात स्थान आहे की नाही, हा खरा प्रश्न होय. आणि त्याचा निवाडा आईच्या उंबऱ्यावर व्हावयाचा आहे.

रचनेची नाळही तमाशाशीच जोडलेली दिसते. गण, गौळण व वग या क्रमातील गौळणीत कृष्ण खोड्या काढतो आणि गौळणी त्याच्याविरुद्ध तक्रार मांडतात. यशोदा रागावते, तरी कान्हा तिचाच राहतो. नाम्या हा वयात आलेला कान्हा आहे. खोडी तीच, तक्रार तीच. मात्र वय वाढल्याने तिचा अर्थ बदलला आहे. बाळकृष्णाचे लोणी चोरणे कौतुकाचे. थोराड मुलाचे तमाशाकडे पळणे लाजेचे. वय आणि वर्तन यांतील ही विसंगती हास्याचे मूळ कारण होय.

भरतमुनींनी हास्यरसाच्या विभावांत प्रथम विकृत वेष सांगितला आहे. नाम्याची लोंबत्या नाडीची ढगळ चड्डी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गावात धोतर किंवा विजार हा कर्त्या पुरुषाचा वेष, चड्डी पोराची. थोराड देहावर ती चढविताच तोंडातून शब्द निघण्यापूर्वी नाते उभे राहते: याला अजून कोणीतरी सांभाळीत आहे. भरतांनी हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेदही केले आहेत. स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसविणे ते परस्थ. शिताबाईचे हास्य पूर्णतः परस्थ आहे. रत्नमाला यांनी ही भूमिका गंभीरपणे, जणू शोकनाट्यात असल्याप्रमाणे वठविली, आणि म्हणूनच नाम्याचा वेडेपणा उठून दिसला.

भाषेच्या अंगाने एका संबोधनाचा विचार पुरेसा आहे. प्रमाण मराठीत ‘आई’ या शब्दाचे संबोधन बहुधा तसेच राहते. ग्रामीण बोलीत ‘आये’ असे रूप होते. दादा कोंडके यांच्या उच्चारात हा शब्द कधी विनवणी, कधी तक्रार, कधी भीती, तर कधी लाडीगोडी होतो. पुढे त्यांच्या अनेक चित्रपटांत रत्नमाला याच आई राहिल्या व हे संबोधन प्रेक्षकांच्या तोंडी रुळले. त्यांच्या द्व्यर्थी संवादांवर शिष्ट समीक्षकांनी पुष्कळ आक्षेप घेतले. त्या आक्षेपांत तथ्य आहेच. विशेषतः उत्तरकालीन चित्रपटांत द्व्यर्थ हेच साध्य होऊ लागले. परंतु ‘सोंगाड्या’त दुसरा अर्थ प्रेक्षकास कळतो आणि नाम्यास कळत नाही. या अजाणपणाची ग्वाही आई देते. ती जवळ असेपर्यंत तो मूल आहे, आणि मुलाच्या बोलण्यात पाप शोधणाऱ्यास स्वतःकडेच पाहावे लागते.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘श्यामची आई’त प्रेक्षक आईपुढे नम्र होतो, तर ‘सोंगाड्या’त तो आईपासून पळणाऱ्या मुलाबरोबर हसतो, दोन्हीकडे आईचा अधिकार मात्र अबाधित आहे. हास्याचा विषय आई नसून, तिच्या धाकातून कधीही न सुटलेला मुलगा आहे, आणि प्रेक्षागृहातील बहुतेक कर्त्या पुरुषांना त्यात स्वतःचे रूप दिसले असावे. ग्रामीण विनोदी चित्रपटास हलका मानून अभ्यासाबाहेर ठेवल्यास घर सांभाळणाऱ्या बाईचा धाक, तमाशाविषयीची ओढ व लाज, आणि बोलीतील एका हाकेचे सामर्थ्य यांची ही नोंदही आपल्या दृष्टीआड होईल.