पाण्याखालील दिशाज्ञान आणि जमिनीवरील पूर्वसराव : जालना जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. येथील विद्यार्थ्यास स्कूबा डायव्हिंग शिकावयाचे असल्यास मालवणजवळील तारकर्लीसारख्या ठिकाणी जावे लागते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तेथे आहे. मात्र प्रत्यक्ष समुद्रातील दिवस मोजकेच मिळतात. म्हणून दिशाज्ञानाचा कोणता भाग आधीच आत्मसात करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दिशाभ्रमाची कारणे :
खारे पाणी रेडिओलहरी शोषून घेते, त्यामुळे पाण्याखाली जीपीएस निरुपयोगी ठरते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. परिणामी आवाज कोणत्या बाजूने आला, हे कानांना उमगत नाही. अपवर्तनामुळे वस्तू जवळ भासतात. वाट शोधण्यात सिलिंडरमधील हवा खर्च होते आणि नौकेपासून दूर वर आल्यास ये-जा करणाऱ्या होड्यांचा धोका संभवतो.

जमिनीवरील सराव :
राष्ट्रीय छात्र सेनेच्या नकाशावाचनात शिकविला जाणारा दिशाकोन व उलट दिशाकोन हाच येथेही पाया होय. ६०° दिशेने गेल्यास परतीचा कोन २४०° येतो. मूळ कोन १८०° हून कमी असल्यास १८० मिळवावेत, अधिक असल्यास वजा करावेत. चौरस मार्गासाठी ६०°, १५०°, २४०°, ३३०° असे क्रमाने वळावे. डोक्यावर टॉवेल घेऊन, केवळ होकायंत्र दिसेल अशा रीतीने मैदानावर हा चौरस चालावा. आरंभबिंदूपासून किती अंतर पडले, यावरून चूक मोजता येते. होकायंत्र आडवे, शरीराच्या मध्यरेषेत आणि लोखंडी वस्तूंपासून दूर धरावे.

अंतरमापन पायांच्या आवर्तनांवरून होते. ३० मीटरला २० आवर्तने लागल्यास प्रत्येकी दीड मीटर, हे प्रमाण जलतरण तलावात ठरविता येते. पायांत फिन्स असणे मात्र आवश्यक आहे.

मर्यादा :
होकायंत्र शरीराचा रोख दाखविते. प्रवाहाने झालेले सरकणे दाखवीत नाही. त्यासाठी खडकांच्या खुणा, खोली आणि सामान्यतः किनाऱ्यास समांतर असणाऱ्या वाळूच्या वळ्या यांचे निरीक्षण लागते. ते समुद्रातच, प्रशिक्षकासमवेत शिकावे लागते.

सारांश :
कोनगणित व होकायंत्राची शिस्त महाविद्यालयाच्या मैदानावर साध्य झाल्यास समुद्रातील अल्प वेळ प्रवाह व भूरचना जाणून घेण्यास उपयोगी पडेल. या दृष्टीने क्रीडा, भूगोल आणि छात्रसेना विभागांनी एकत्रित उपक्रम हाती घेणे इष्ट ठरेल.