व्हॉल्व्ह बसला म्हणजे चालला, असं नाही!

ॲम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलायचे म्हटलं की बहुतेक जण आधी ब्रँड विचारतात. मी म्हणेन, आधी नंबर बघा. ईसीसी८३ आणि १२एएक्स७ ही एकाच व्हॉल्व्हची युरोपीय आणि अमेरिकी नावं. ईसीसी८२ही त्याच सॉकेटात चपखल बसतो, पिनाही तशाच. पण पहिल्याचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, दुसऱ्याचा जेमतेम १७ ते २०. गाण्यातला जीवच जातो.

आउटपुटला ईएल३४ असतील तर जुळवलेली जोडीच घ्या आणि बायस नव्यानं लावून घ्या. बायस चुकला की आतली प्लेट लालबुंद होते. तसं दिसलं तर तत्काळ बंद करा. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्या, स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरतो.

जुना माल घेताना काच उजेडात धरा. आतल्या बाजूला आरशासारखा चंदेरी थर दिसतो, तो गेटरचा. उरलीसुरली हवा तो शोषतो. थर दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, घेऊ नका.

आणि हो, जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह विचारून बघा. मला अशाच एका दुकानात धुळीनं माखलेल्या खोक्यात दोन कोरे सापडले, आज तेच वाजतायत.