दंतवैद्यांची संस्था आणि पाऱ्याचा तंटा

दाढ ठणकूं लागली म्हणजे मनुष्य फारशी चौकशी करीत बसत नाहीं; जो वेदना थांबवील त्याच्यापुढें तोंड उघडतो. समोरचा हात निष्णात आहे कीं नुसता धीट, हें ओळखण्याचें साधन त्याच्यापाशीं नसतें. रोग्याच्या वतीनें हा निवाडा कोणी करावा, या प्रश्नांतून दंतवैद्यांच्या संस्था जन्मास आल्या. आणि तो कसा करूं नये, हा धडाही त्यांना आरंभींच मिळाला.

१८४० च्या सुमारास अमेरिकेंत न्हाव्यापासून लोहारापर्यंत कोणीही दात उपटी. त्या वर्षीं होरेस हेडन व चॅपिन हॅरिस यांनीं बाल्टिमोर येथें जगांतील पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय काढलें आणि त्यांच्याच पुढाकारानें दंतवैद्यांची पहिली राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. धंद्याचें नियतकालिक तर १८३९ सालींच सुरू झालें होतें. शिक्षण, लेखन आणि संघटना असे तीन पाय मिळतांच धंद्याला शास्त्राचें रूप येऊं लागलें.

परंतु लौकरच तंटा पेटला. १८३३ सालीं क्रॉकर नांवाचे बंधू न्यूयॉर्कला चांदी व पारा यांचें मिश्रण घेऊन आले. कीड नीट न कोरतांच ते तें पोकळींत दाबून बसवीत. सोन्याचा वर्ख ठोकून दात भरणें हें वेळखाऊ, महाग आणि कसबाचें काम. हें मिश्रण स्वस्त आणि झटपट. संस्थेनें १८४५ सालीं सभासदांकडून तें कधींही न वापरण्याचें प्रतिज्ञापत्र मागितलें. पण ज्यांना सोनें परवडत नसे, अशा रोग्यांचे दात प्रामाणिक दंतवैद्यही त्यानें भरीत. भोंदूबरोबर तेही दोषी ठरले. सभासद गळाले, १८५० सालीं अट मागें घेतली, तरी १८५६ सालीं संस्था मोडलीच.

चूक कोठें झाली? मिश्रणाचा दोष आणि तें भरणाऱ्याचा दोष यांत भेद केला गेला नाहीं. आणि जें प्रयोगानें ठरावयाचें तें बहुमतानें ठरविलें गेलें. ३ ऑगस्ट १८५९ रोजीं नायगारा येथें सव्वीस दंतवैद्यांनीं नवी संस्था स्थापिली. तीच आजची अमेरिकन डेंटल असोसिएशन. पुढें १८९५-९६ मध्यें जी. व्ही. ब्लॅक यांनीं हें मिश्रण किती आकुंचन व प्रसरण पावतें तें मोजून धातूंचें योग्य प्रमाण दाखविलें. १९२८ पासून संस्थेनें सरकारी मानक कार्यालयाच्या साहाय्यानें दंतद्रव्यांची परीक्षा चालविली. शपथेनें जें साधलें नाहीं तें मोजमापानें साधलें.

संस्थेचें दार कोणासाठीं उघडतें, हीही तिची एक कसोटीच. स्त्री म्हणून महाविद्यालयानें नाकारलेल्या लूसी हॉब्स यांना १८६५ सालीं आयोवा राज्यसंस्थेनें सभासद करून घेतलें. त्यानंतर ओहायोच्या महाविद्यालयानें त्यांना प्रवेश दिला आणि १८६६ सालीं पदवीही दिली. उलट, कृष्णवर्णीय दंतवैद्यांना अनेक स्थानिक संस्थांनीं दीर्घकाळ बाहेर ठेविलें. १९६५ पूर्वीं या भेदास पुरेसा विरोध केला नाहीं, याबद्दल राष्ट्रीय संस्थेनें २०१० सालीं क्षमा मागितली.

भारतांत १९४८ च्या कायद्यानें दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली. नोंदवही एवढेंच सांगते कीं अमुक मनुष्यास धंदा करण्याचा अधिकार आहे. पदवीनंतरच्या तीस-चाळीस वर्षांत त्याचें ज्ञान शिळें होऊं न देणें, हें काम सहव्यवसायी मंडळींचेंच. पाऱ्याचा प्रश्नही आज नव्या रूपानें परतला आहे: २०१३ च्या मिनामाता करारान्वयें, पर्यावरणाच्या रक्षणार्थ, या मिश्रणाचा वापर घटविण्याचें ठरलें आणि युरोपीय संघानें १ जानेवारी २०२५ पासून तो, अपवाद वगळतां, बंद केला. अशा वेळीं पर्यायी द्रव्य किती टिकतें आणि गरिबाला तें परवडतें का, हें तपासून सांगणारी संस्था असली, तर खुर्चीवर डोळे मिटून बसलेल्या रोग्याचा विश्वास आंधळा राहत नाहीं.