न्यूट्रिनोचें वजन

एखादा वाटसरू किती वेगानें आला हें ठरवावयाचें, तर तो पोंचल्याची वेळ कळून भागत नाहीं; तो निघाला केव्हां, हेंहि कळावें लागतें. न्यूट्रिनो नांवाच्या अतिसूक्ष्म कणाचें वजन ताऱ्यांच्या साहाय्यानें करूं जातां शास्त्रज्ञांपुढें नेमकी हीच अडचण उभी राहते.

न्यूट्रिनोची कल्पना पाउली यानें १९३० सालीं मांडली. या कणाला वस्तुमान मुळींच नसावें, असें पुष्कळ वर्षें मानीत असत. परंतु १९९८ सालीं जपानांतील सुपर-कामिओकांडे येथें असें आढळून आलें कीं, एका जातीचा न्यूट्रिनो वाटेंत दुसऱ्या जातीचें रूप घेतो. वस्तुमानावांचून हा पालट संभवत नाहीं. म्हणजे वस्तुमान आहे खरें. पण तें किती? जर्मनींतील काट्रिन प्रयोगानें २०२५ सालीं एवढेंच सांगितलें कीं, तें ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक नसावें. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचा हा दशलक्षांशहि नव्हे.

येथें मरणारा तारा साहाय्यास येतो. प्रचंड ताऱ्याचें इंधन संपलें कीं त्याचा गाभा सेकंदाच्या आंत कोसळतो, दडपून कठीण होतो व उसळी मारतो. यालाच पुढें अतिनवतारा म्हणतात. कोसळण्यांतून सुटलेली बहुतेक सर्व शक्ति न्यूट्रिनो घेऊन जातात. वस्तुमान नसलेला कण प्रकाशाच्या वेगानें येईल; वस्तुमान असलेला किंचित् मागें पडेल. तीस हजार प्रकाशवर्षांवरून निघालेला, एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाचा व एक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचा न्यूट्रिनो सुमारें पांच सहस्रांश सेकंद उशिरा पोंचेल. वस्तुमान निम्में असेल, तर उशीर चतुर्थांशच होईल.

२३ फेब्रुवारी १९८७ रोजीं मोठ्या मॅगेलन मेघांतील अशा एका ताऱ्याचे सुमारें दोन डझन न्यूट्रिनो जपान, अमेरिका व सोव्हिएट रशिया येथील यंत्रांत टिपले गेले. पोंचल्याच्या वेळा मिळाल्या, निघाल्याची मिळाली नाहीं. प्रकाशाचाहि उपयोग नव्हता. कारण स्फोटाचा धक्का गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत येण्यास कांहीं तास लागतात, व तोंवर तारा उजळत नाहीं.

ही उणीव गुरुत्वलहरी भरून काढूं शकतील. गाभा वेगानें फिरत असेल, तर त्याच्या उसळीसरशी अवकाशालाच कंप सुटतो. ताऱ्याचें दाट आवरण त्या लहरीस अडवीत नाहीं. तिचा वेगहि प्रकाशाइतकाच आहे: १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन-ताऱ्यांच्या मीलनाची लहर आणि त्यांचे गॅमा किरण, सुमारें तेरा कोटी वर्षें प्रवास करूनहि, दोन सेकंदांच्या आंत एकापाठोपाठ पोंचले. तेव्हां ही लहर म्हणजे न्यूट्रिनोंच्या प्रस्थानाची घंटाच होय.

तरी काम सोपें नाहीं. तारा दुप्पट दूर असेल, तर उशीर दुप्पट होतो, पण हातीं लागणारे न्यूट्रिनो चतुर्थांश होतात आणि लहरहि क्षीण होते. शिवाय न्यूट्रिनोंचा पहिला लोटच कांहीं सहस्रांश सेकंद टिकतो. इतका बारीक उशीर त्यांतून निवडून काढावा लागेल.

कोसळत्या ताऱ्याची लहर अद्याप कोणत्याहि यंत्रास सांपडलेली नाहीं. आपल्या आकाशगंगेंत असे स्फोट शतकांत दोन-तीनच होत असावेत. आपल्या आकाशगंगेंतील, नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. यासाठींच पृथ्वीवर निरनिराळ्या ठिकाणीं अशीं यंत्रें हवींत. हिंगोली जिल्ह्यांतील लायगो-इंडिया वेधशाळेस भारत सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली आहे. ज्या क्षणीं तो तारा कोसळल्याची लहर येईल, त्या क्षणीं यंत्रें बंद असलीं, तर पुढील संधीसाठीं कदाचित् एक पिढी वाट पाहावी लागेल.